व्यक्तिमत्त्व विकारांवर पीएच.डी. करताय? आधी प्रश्नावली मराठीत नीट उतरवा

साताऱ्या-सांगलीकडे मानसशास्त्रात एम.ए. करून या विषयात उतरणाऱ्यांनी एक गोष्ट आधीच ध्यानात घ्यावी: पीएच.डी. झाली म्हणून निदान करता येत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलं प्रशिक्षण आणि नोंदणी लागते. त्यामुळे मार्गदर्शकाच्या जोडीला एखादे मानसोपचारतज्ज्ञ पहिल्यापासून सोबत घ्या.

मग चौकट ठरवा. डीएसएम-5 मध्ये, म्हणजे अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानग्रंथात (2013), दहा विकार तीन गटांत मांडलेत. 2022 पासून लागू झालेल्या आयसीडी-11 मध्ये, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात, हे कप्पे मोडले. तिथे आधी तीव्रता बघतात, मग स्वभावाची पाच क्षेत्रं. आमच्या मते नव्या संशोधकाने दुसरी वाट धरावी. पण स्वभावाची ही क्षेत्रं मोजायला घ्याल ती पीआयडी-5 ही प्रश्नावली डीएसएमच्या पर्यायी मांडणीची आहे, तिची क्षेत्रं आयसीडीशी तंतोतंत जुळत नाहीत. आराखड्यात तसं लिहा. तिच्या मोठ्या आवृत्तीत 220 विधानं, छोटीत 25. घटक विश्लेषणाला (कोणती विधानं एका गटात बसतात ते पाहायला) एका विधानामागे 5 ते 10 माणसं धरली, तर मोठीला किमान 1100 लागतील, छोटीला 125 ते 250. एकट्याच्या आवाक्यातली छोटीच.

खरी कसोटी भाषांतरात लागते. हक्कधारकाची लेखी परवानगी घ्या. दोघांकडून स्वतंत्र भाषांतर करून घ्या, दोन्ही समोर ठेवून एक मसुदा करा, आणि मूळ न पाहिलेल्या तिसऱ्याकडून तो परत इंग्रजीत करवून घ्या. एवढ्यावर थांबू नका. पाच-दहा जणांना एकेक विधान वाचून दाखवा आणि विचारा, "यातनं तुम्हाला काय समजलं?" 'मला रिकामं वाटतं' हे वाक्य कागदावर बरोबर दिसतं. पण शेतावर राबणारी बाई सहज म्हणेल, "रिकामी कुठली मी, दिवसभर काम असतंय." तिच्यासाठी रिकामं म्हणजे बिनकामाचं. 'आत सगळं पोकळ वाटतं' म्हटलं की अर्थ पोचतो.

दुसरी अडचण लिंगाची. 'मी चिडतो/चिडते' अशा तिरक्या रेघा वाचणाऱ्याला अडवतात. 'मला पटकन राग येतो' अशी रचना केली की प्रश्नच मिटतो. जिथे जमत नाही तिथे स्त्री-पुरुषांसाठी वेगळे छापील नमुने करा. नकारार्थी विधानं तर टाळाच. 'मला कुणाची गरज वाटत नाही' याला "नाही" असं उत्तर आलं, तर त्याचा अर्थ दोन्हीकडे लागतो.

पहिला फॉर्म भरण्याआधी संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी हातात हवी. लिहिता-वाचता न येणाऱ्यांकडून अंगठा घेताना त्रयस्थ साक्षीदार ठेवा. घरी सोप्यावर बसून विचारू नका. सासू शेजारी असली की सूनबाईंची सगळी उत्तरं 'अजिबात नाही'कडे झुकतात आणि आकडे फुकट जातात. दुपारी रिकामी असलेली अंगणवाडीची खोली मागून घ्या. जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार कुणी बोलून दाखवला तर फॉर्म बाजूला ठेवा, त्या माणसाला एकटं सोडू नका, ठरवलेल्या तज्ज्ञांना लगेच फोन लावा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर प्रत्येकाला लिहून द्या.

आकडे हातात आले की अल्फा काढा, म्हणजे विधानं एकमेकांशी किती जुळतात त्याचं माप. तो 0.70 च्या वर हवा, 0.95 च्या पुढे गेला तर विधानं एकमेकांचीच नक्कल करताहेत असं समजा. त्याच माणसांची फेरचाचणी साधारण दोन आठवड्यांनी घ्या. तारखा मात्र ऊसतोड सुरू व्हायच्या तोंडावर किंवा तासगावकडे द्राक्षं उतरवायच्या दिवसांत नकोत, कारण पहिल्या फेरीला आलेली माणसं दुसऱ्या फेरीला सापडत नाहीत.