कोरीवकामासाठी ओलं लाकूड: झाडापासून बाकापर्यंत

नवे लोक आधी हत्यारांचं विचारतात. मी आधी लाकडाचं सांगते. त्यासाठी झाड पाडायची गरज नसते. छाटणीतल्या फांद्या, वादळात कोसळलेलं झाड एवढ्यावर माझं भागतं. मालकाला विचारल्याशिवाय मात्र हात लावायचा नाही. कित्येक ठिकाणी स्वतःच्या आवारातलं झाड तोडायलाही परवानगी लागते, तेव्हा चौकशी आधी.

खरी घाई त्यानंतर. ओंडका कापला की टोकांकडून झपाट्याने सुकतो, कारण पाणी वाहून नेणाऱ्या नलिका तिथे उघड्या पडतात. ओलावा साधारण ३० टक्क्यांच्या खाली गेला की लाकूड आकसू लागतं. टोक आकसलेलं आणि पोट अजून ओलं, अशा ओढाताणीत तडे जातात. म्हणून त्याच दिवशी दोन्ही टोकांना मेण किंवा उरलासुरला ऑइलपेंट जाड फासायचा. लांबीही वीतभर जास्तच ठेवायची, म्हणजे तडकलेलं टोक कापून टाकता येतं.

पण ओंडका गोलच ठेवला तर रंग फासूनही तो बहुधा फाटतो. वाढीच्या गोल वलयांच्या कडेकडेने लाकूड जितकं आकसतं, ते गाभ्याकडून सालीकडच्या आकसण्याच्या जवळपास दुप्पट असतं. पाचर ठोकून गाभ्यातून उभे दोन भाग केले की हा ताण मोकळा होतो. मधला भेंड, म्हणजे गाभ्यातला मऊ भागही तासून टाकायचा. करवतीपेक्षा मला पाचरच आवडते. लाकूड तंतूंच्या रेषेत फुटतं आणि आत पीळ असेल तर लगेच दिसतो. पिळाचं लाकूड मी सरळ जळणात टाकते. आडव्या वाढलेल्या फांदीचा गाभा एका बाजूला सरकलेला असतो. ती सुकताना वाकते, तिच्यावर फार भिस्त नको.

चमचे, वाडगे ओल्यातच कोरावेत, कारण ओलं लाकूड हत्याराखाली मऊ जातं. जाडी सगळीकडे सारखी ठेवा. अर्धवट काम प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून थंड जागी ठेवा, पण तिथे विसरू नका, बुरशी धरते. कण्हेर विषारी, खाण्याच्या भांड्यांना ती वर्ज्य.

जाड मूर्तीसाठी लाकूड सुकवावंच लागतं. इंचभर जाडीला एक वर्ष, हा जुना ठोकताळा. माझा भरवसा वजनकाट्यावर जास्त. तुकड्यावर तारीख आणि वजन लिहायचं, महिन्याने पुन्हा तोलायचं. वजन उतरायचं थांबलं की लाकूड त्या जागेच्या हवेपुरतं सुकलं. आणि साल आधीच सोलून टाका, किडे तिच्याखालीच घर करतात.