लपवून बाळगायचं पिस्तूल घेताना नळी नाही, मूठ बघा

अमेरिकेत रोज कमरेला पिस्तूल लावायचं ठरवलं की बरेच जण दुकानातलं सर्वांत छोटं उचलतात आणि पहिल्याच सरावात पस्तावतात. पिस्तूल जितकं हलकं, तितका हाताला धक्का जास्त.

१. आधी भाड्यानं पिस्तूल देणारी रेंज (गोळीबाराच्या सरावाची जागा) गाठा. छोटं सिग पी३६५ (१० गोळ्यांचं मॅगझिन, म्हणजे मुठीत बसणारी गोळ्यांची डबी) आणि त्याहून मोठं ग्लॉक १९ (१५ गोळ्यांचं) एकापाठोपाठ चालवा, प्रत्येकी निदान ५० गोळ्या. दोन्ही ९ मिमी गोळीचीच, तरी फरक तळहाताला लगेच कळतो.

२. करंगळी मुठीवर टेकते का बघा. हवेत लोंबकळत असेल तर दुसऱ्या गोळीला नेम हलतो. थोडी लांब मूठ किंवा मॅगझिन मागून बघा.

३. घामेजल्या हातानं स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) मागे खेचता येते ना?

४. दुकानात रोजचाच शर्ट घालून जा. विक्रेत्याला विचारून रिकामं पिस्तूल होल्स्टरमध्ये (पिस्तूल ठेवायच्या कमरेच्या म्यानात) लावा आणि आरशासमोर खाली वाका. नळी पँटच्या आत दडते, कापडातून उठून दिसते ती मूठच.

होल्स्टर मात्र कडक आणि ट्रिगर पूर्ण झाकणारंच घ्या. नुसतं खिशात किंवा पर्समध्ये टाकलेलं पिस्तूल ट्रिगरमध्ये किल्ली अडकूनही उडू शकतं.