नकाशावर दोन महामार्ग एका ओळीत दिसले तर: दोरा लावून तपासायची रीत

माझ्या वर्गाच्या भिंतीवर महाराष्ट्राचा मोठा नकाशा आहे, एका सेंटिमीटरला दहा किलोमीटर या प्रमाणाचा. आमची शाळा संगमनेरची, त्यामुळे मुलांची बोटं आधी पुणे-नाशिक रस्त्यावर जातात. आठवीतल्या एका मुलीने नाशिकवर बोट ठेवलं, पुण्यावरून सातारा, कराड करत ते थेट कोल्हापूरला नेलं आणि विचारलं, "बाई, हा एकच रस्ता आहे ना? मुद्दाम सरळ काढलाय?" मी घाईत "हो" म्हणून गेले. घरी येऊन नीट पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी ते उत्तर वर्गासमोर मागे घेतलं. तेव्हापासून मी मुलांना हे तपासायला शिकवते. दोरा, दोन टाचण्या, फूटपट्टी आणि वहीचं एक पान पुरतं.

टाचण्या दोन टोकांच्या गावांवर लावा आणि दोरा ताणून बांधा. मधली गावं दोऱ्यापासून किती लांब आहेत ते मोजा. "जवळजवळ ओळीत" असं लिहू नका, आकडा लिहा. नकाशातला रस्ता दीड मिलिमीटर जाड असेल तर जमिनीवर ती दीड किलोमीटरची पट्टी झाली, म्हणून त्याहून बारीक फरकाला अर्थ नाही.

फूटपट्टीवर भरवसा नसेल तर अक्षांश-रेखांश घ्या. मला ही पद्धत जास्त आवडते, कारण मुलांना त्रैराशिक अखेर कशाला लागतं ते कळतं. नाशिक २०.०० उत्तर, ७३.७९ पूर्व. कोल्हापूर १६.७० उत्तर, ७४.२४ पूर्व. म्हणजे खाली येताना अक्षांश ३.३० अंशांनी घटतो आणि रेखांश ०.४५ अंशाने वाढतो. पुणे १८.५२ वर, म्हणजे नाशिकपासून १.४८ अंश खाली, एकूण उताराच्या ४५ टक्क्यांवर. तिथे दोरा ७३.७९ अधिक ०.२०, म्हणजे ७३.९९ वर हवा. पुणे आहे ७३.८६ वर. फरक ०.१३ अंश. आपल्या भागात रेखांशाचा एक अंश सुमारे १०५ किलोमीटरचा, अक्षांशाचा १११ चा. गुणाकार करा: पुणे दोऱ्याच्या पश्चिमेला साधारण १४ किलोमीटर. सातारा तसंच दहाएक किलोमीटर पश्चिमेला. कराड मात्र जवळपास दोऱ्यावरच बसतं. सुमारे ३७० किलोमीटरच्या दोऱ्यावर हे जुळणं चांगलंच म्हणायचं.

आता गावं सोडा आणि रस्ता पाहा. मुलं इथेच चुकतात. गावं ओळीत आली म्हणजे रस्ता ओळीत आला असं नाही. आमचं संगमनेर या दोऱ्याच्या पूर्वेला जवळपास ३८ किलोमीटर आहे. नाशिकहून रस्ता सिन्नर, संगमनेरकडे आग्नेयेला झुकतो, मग चंदनापुरी घाट चढून नारायणगाव, राजगुरुनगर करत नैर्ऋत्येला पुण्याकडे वळतो. पुण्याहून पुढचा रस्ता पुन्हा आग्नेयेकडे. जवळून पाहिलं तर ती सरळ रेघ उरतच नाही.

मग दोन्ही रस्ते जिथे भेटतात ते ठिकाण मोठं करून बघा. नाशिकचा रस्ता चाकण, भोसरीवरून नाशिक फाट्याला जुन्या पुणे-मुंबई रस्त्याला मिळतो. कोल्हापूरचा महामार्ग मुंबईकडून येतो आणि देहूरोडपासून वळसा घेऊन कात्रजकडे जातो. म्हणजे कोल्हापूरच्या रस्त्याचं सख्खं नातं मुंबईशी. क्रमांकही तेच सांगतात: पूर्वी राष्ट्रीय महामार्ग ५० आणि ४, आता ६० आणि ४८.

पण नुसत्या क्रमांकावर निकाल देऊ नका. २०१० मध्ये देशभरच्या महामार्गांना नवे क्रमांक ठरले. उत्तर-दक्षिण रस्त्यांना सम, पूर्व-पश्चिम रस्त्यांना विषम. त्यात सोलापूर-धुळे हा जुना २११ आणि मुंबई-आग्रा रस्त्याचा धुळे-इंदूर तुकडा, दोन्ही आज ५२ या एकाच क्रमांकाखाली आहेत. उलट मुंबई-आग्रा हा एकेकाळचा अखंड ३ क्रमांक आता अनेक क्रमांकांत वाटला गेला आहे. जुना क्रमांकही शोधून शेजारी लिहा.

शेवटी प्राकृतिक नकाशा काढा. माझ्या मते खरं उत्तर बहुतेक वेळा तिथेच असतं. नाशिक-पुणे आणि पुणे-कोल्हापूर हे दोन्ही रस्ते सह्याद्रीच्या पूर्वेला, कड्यापासून अंतर राखून जातात. प्रवरा, मुळा, घोड, भीमा, पुढे नीरा, कृष्णा अशा पूर्वेला वाहणाऱ्या नद्या ओलांडत आणि सह्याद्रीचे पूर्वेला आलेले फाटे चंदनापुरी, खंबाटकीसारख्या घाटांतून पार करत. सह्याद्रीच उत्तर-दक्षिण उभा आहे, म्हणून त्याच्या आडोशाने जाणारे रस्तेही तसेच. त्या मुलीला मी दिलेलं दुसरं उत्तर हे होतं: रस्ते दोन, कोणी एका ओळीत काढले नाहीत, पण त्यांना वळण देणारा डोंगर एकच.

सुरत आणि नागपूर असंच जवळजवळ एका अक्षांशावर आहेत आणि मधला महामार्ग तापी-पूर्णेच्या खोऱ्यातून जातो. इथे एक सावधगिरी: पूर्व-पश्चिम दोरा गुगलच्या नकाशावर काढला तर ती सरळ रेघ सगळ्यात जवळची वाट नसते. या ६५० किलोमीटरांत जवळची वाट मधोमध सुमारे तीन किलोमीटर उत्तरेकडून जाते. उत्तर-दक्षिण दोऱ्याला ही अडचण जवळपास नाही.

आणि डोंगर, नदी, जुनी वाट, काहीच सापडलं नाही तर? मग मोजणी करा. ३६ जिल्ह्यांची ३६ ठिकाणं घेतली तर तीन-तीनचे ७१४० गट होतात. तिसरं ठिकाण दोऱ्याच्या पाच किलोमीटर आत पडण्याची शक्यता ढोबळमानाने दोन टक्के धरली, तरी शंभरावर गट नुसत्या योगायोगाने जुळणार.

हे पूर्व रेखांश पाहा: सोलापूर ७५.९१, जालना ७५.८८, इंदूर ७५.८६. सोलापूर आणि इंदूर दोन्ही ५२ क्रमांकावर असले तरी तो महामार्ग जालन्यातून जात नाही, सोलापूर ते इंदूर सरळ अंतर ५६० किलोमीटर, आणि जालना दोऱ्यापासून किलोमीटरभरच. प्राचीन भारतीय गणितज्योतिषात शून्य मानलेलं उज्जैनचं रेखावृत्तही ७५.७८ वर, तिथून जवळच. हे ऐकून वर्ग एकदम शांत झाला होता. आम्ही प्राकृतिक नकाशा लावला. दोरा गोदावरी, तापी, नर्मदा एकेक करून ओलांडतो, कुठल्याच खोऱ्याची किंवा रांगेची साथ धरत नाही. मुलांनी वहीत त्या ओळीपुढे "योगायोग" लिहिलं आणि शेजारी तिन्ही आकडे.