ताडोबाला दोन दिवसांसाठी येताय? या चुका टाळा

मोहर्लीकडच्या बफरमधलं, म्हणजे राखीव जंगलाभोवतीच्या पट्ट्यातलं माझं गाव, काम गाईडचं. शनिवार-रविवार काढून आलेले पाहुणे नाराज होऊन परत जाताना बघितले की जीव हळहळतो, कारण बहुतेक वेळा दोष वाघाचा नसतो. एखादी साधी चूक आधीच होऊन बसलेली असते.

सगळ्यात महागात पडते ती गेटची चूक. मोहर्ली, कोलारा, नवेगाव, खुटवंडा, पांगडी, झरी असे कोअरचे, म्हणजे आतल्या मुख्य जंगलाचे वेगवेगळे गेट आहेत. लोक खोली कोलाऱ्याला घेतात आणि सफारी मोहर्लीची. नकाशात जवळ दिसतं, पण जंगलातून आरपार जाता येत नाही. वरोरा-चिमूरकडून वळसा घालायला दोन तास तरी लागतात, म्हणजे पहाटेची फेरी गेलीच. आधी सफारी कोणत्या गेटची मिळते ते पाहा, मगच खोली घ्या. नागपूरहून येणाऱ्यांना कोलारा-नवेगाव सोयीचं, चंद्रपूरकडून येणाऱ्यांना मोहर्ली. बुकिंग वनविभागाच्या अधिकृत साइटवरूनच करा.

सुट्टी जोडून घेताना मंगळवार धरू नका, त्या दिवशी कोअर बंद असतं. १ जुलै ते ३० सप्टेंबरही कोअर बंद. बुकिंगला दिलेलंच ओळखपत्र, तेही मूळ, सोबत ठेवा. नाव जुळलं नाही की गेटवर अडकलात. कोअरमध्ये मोबाईल नेता येत नाही, तेव्हा फोटो हवे असतील तर कॅमेरा आणा.

जानेवारीत पाहुणे टी-शर्टवर येतात. उघड्या जिप्सीत पहाटेचा वारा असा झोंबतो की अर्ध्या तासात लेकरं कुडकुडायला लागतात आणि 'चला परत' सुरू होतं. कानटोपी आणि जाड जॅकेट हवंच. मे महिन्यात उलटं. इकडे पारा ४५च्या पुढे जातो. दुपारच्या फेरीला डोक्याला ओला दुपट्टा बांधा, पाणी भरपूर घ्या. मळमळ किंवा चक्कर वाटली तर लाजू नका, गाईडला लगेच सांगा. गाडी सावलीत घेता येते.

आता मुख्य गोष्ट. 'भाऊ, गाडी पळवा, दुसरीकडे बघू' हे वाक्य रोज ऐकतो, आणि जंगल बघणं तिथेच संपतं. मागच्या उन्हाळ्यात पाणवठ्याजवळ गाडी बंद करून आम्ही थांबलो होतो. समोर चितळांचा कळप. एका मादीने मान ताठ केली, शेपटी वर उचलली आणि पुढचा पाय जमिनीवर आपटला. वर ऐनाच्या झाडावर वानर खाकरलं. वाघ जवळ असल्याचे हे इशारे. मी म्हटलं, 'थांबा जी थोडं.' पाहुण्यांना दहा मिनिटं जड झाली, आम्ही निघालो. मागच्या जिप्सीवाले तिथेच बसून राहिले. त्यांच्यासमोर बांबूतून वाघीण निघाली आणि शांतपणे पाण्यात जाऊन बसली.

चितळ कधीकधी उगाच ओरडतं, बिबट्याला किंवा रानकुत्र्यांनाही ओरडतं. वानराला उंचावरून दिसतं, म्हणून त्याचं तोंड कुठे वळलंय ते पाहा. सांबराचा कॉल, म्हणजे धोक्याची हाक, मात्र सहसा खोटा नसतो. तो आला की बोलणं बंद, हलणं बंद, इंजिन बंद. आणि वाघ नाहीच आला तर? मोहाखाली फुलं खाणारं अस्वल, तळ्याकाठची मगर, डांबरासारखे काळे गवे, हेही ताडोबाच आहे. एकाच फेरीवर सगळी भिस्त ठेवू नका. जमलं तर दोन फेऱ्या कोअरच्या आणि एक बफरची घ्या.

शेवटची चूक गेटच्या बाहेर होते, आणि मला तिचीच जास्त काळजी वाटते. मार्च-एप्रिलमध्ये मोह गळतो. आमच्या बाया पहाटे टोपली घेऊन रस्त्यालगतच्या झाडांखाली वाकून फुलं वेचतात; माझी आईही त्यांत असते. वाकलेला माणूस वाघाला जनावरासारखा वाटू शकतो. रस्त्यावर वाघ दिसला म्हणून तुम्ही हॉर्न वाजवला, खाली उतरलात, गाड्यांनी वाट अडवली, तर तो बिथरून बाजूच्या झाडीत शिरतो. तिथे त्या असतात. गावाजवळच्या रस्त्यावर वेग कमी ठेवा, गाणी बंद करा. वाघ दिसलाच तर अंतर ठेवून थांबा, गाडीतच बसा आणि त्याला रस्ता ओलांडू द्या.