जुन्या जीपला वॉटर पंप निवडताना

कमांडर असो, एमएम ५४० असो की जिप्सी, इंजिन थंड ठेवायला त्यात पाणी फिरवणारा जुन्या गाडीचा थकलेला वॉटर पंप उघडा पडतो तो विदर्भाच्या उन्हाळ्यात. पारा ४५ वर, गाडीत सहा माणसं, मागे खताची पोती आणि समोर परतवाड्याहून चिखलदऱ्याचा चढ. काटा लाल रेषेकडे सरकला की माणूस घाबरतो आणि दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन जो मिळेल तो पंप उचलतो. तो बसतोही कधी कधी. पण बसणं वेगळं आणि चालणं वेगळं.

आधी खात्री करा, पंपच गेलाय का

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. ज्या गाडीत पंखा थेट पंपाच्या शाफ्टवर असतो, तिथे फॅन बेल्ट उतरवा आणि पंखा दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे, वर-खाली हलवून बघा. स्पष्ट खेळ जाणवला किंवा फिरवताना खरखर लागली तर बेरिंग संपलं. मग पंपाच्या मानेखालचं छोटं भोक शोधा. आतली सील फुटली की पाणी बेरिंगकडे न जाता बाहेर यावं, यासाठीच ते ठेवलेलं असतं. तिथे नुसता वाळका डाग असेल तर काळजी नाही. थेंब गळत असेल तर पंप बदला. काही महाभाग हे भोक एम-सील लावून बुजवतात. गळती थांबते खरी, पण तेच पाणी मग बेरिंगमध्ये शिरतं. एखाद्या घाटात बेरिंग तुटलं की पंखा रेडिएटरमध्ये घुसतो आणि खर्च कितीतरी पटीने वाढतो.

यातलं काहीच नसेल तर खरेदी थांबवा. शेतरस्त्याने फिरणाऱ्या गाडीच्या रेडिएटरच्या जाळीत कुसळं आणि काळ्या मातीचा चिखल इतका घट्ट बसतो की नवा पंप लावूनही गाडी तापणारच. जाळी इंजिनाच्या बाजूने पुढच्या दिशेला, हलक्या धारेने धुवा. जोराच्या प्रेशरने पत्रे वाकतात. रेडिएटरचं झाकणही बघा. पाणी दाबाखाली राहिलं तर उशिरा उकळतं: ०.९ किलो दाबाचं झाकण ठीक असेल तर साधं पाणीसुद्धा ११८ अंशांच्या आसपास उकळतं, रबर गेलेल्या झाकणाखाली मात्र १०० लाच. थंड गाडी झाकण उघडं ठेवून सुरू केल्यावर रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येत असतील तर संशय हेड गॅस्केटवर (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधल्या पॅकिंगवर) घ्या, पंपावर नाही.

गाडीचं नाव विसरा, इंजिन ओळखा

काउंटरवर "भाऊ, कमांडरचा पंप द्या" म्हटलं की जाणता दुकानदार लगेच विचारतो, "कोन्त्या इंजिनाचा?" प्रश्न रास्त आहे. महिंद्राच्या जुन्या जीपगाड्यांत पेट्रोलचं हरिकेन इंजिन येत असे, एमएम ५४० मध्ये प्यूजोच्या बनावटीचं २११२ सीसी डिझेल आलं, पुढे २५२३ सीसीचं एमडीआय डिझेल आलं. जिप्सीचंही तसंच. १९८५ ची पहिली जिप्सी ९७० सीसीची, नंतरची किंग १२९८ सीसीची. त्यात आपल्याकडच्या जुन्या जीपचं मूळ इंजिन शाबूत असेलच याची खात्री नाही. तीन मालक आणि चार मिस्त्री होऊन गेलेल्या गाडीत कधी दुसऱ्याच मॉडेलचं इंजिन बसवलेलं असतं आणि आरसीवर जुनाच क्रमांक असतो.

म्हणून इंजिनाच्या ब्लॉकवर कोरलेला क्रमांक ग्रीस पुसून नीट वाचा, आरसीशी ताडून बघा आणि फोनमध्ये फोटो काढून ठेवा. पंपाच्या बॉडीवर ओतीव अक्षरांत क्रमांक असेल तर त्याचाही फोटो घ्या.

जुना पंप पिशवीत घालूनच दुकानात जा

हे टाळू नका. अकोला-नागपूरला दोन चकरा मारण्यापेक्षा तेलकट पिशवी बरी. काउंटरवर दोन्ही पंप शेजारी ठेवा आणि पहिल्यांदा पॅकिंग, म्हणजे पंप आणि ब्लॉकच्या मधलं गळती रोखणारं पान, जुळवा. नव्या पंपाचं पॅकिंग जुन्याच्या तोंडावर ठेवलं की बोल्टची भोकं आणि पाण्याच्या वाटा दोन्ही कळतात. भोकं जुळून पाण्याची वाट अर्धी झाकली जाते, असंही होतं.

दुसरं माप सगळ्यात जास्त लोक विसरतात: पंप जिथे ब्लॉकला चिकटतो त्या तोंडापासून पुली बसते त्या चकतीपर्यंतची उंची. व्हर्नियर मागा, नसेल तर सरळ पट्टीने मोजा. ही उंची चुकली की पुली इतर पुलींच्या रेषेत राहत नाही, बेल्ट तिरका पळतो आणि कडा झिजवतो. पंखाही एक तर रेडिएटरला टेकायला जातो किंवा त्यापासून लांब राहून हवा कमी ओढतो.

मग इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारं पात्यांचं चाक, उलटून बघा. पाती त्याच बाजूला वळलेली हवीत, व्यास तेवढाच हवा. जुनी व्ही-बेल्टची इंजिनं आणि नंतरची चपट्या बेल्टची इंजिनं यांत काही पंप उलट दिशेने फिरतात. बाहेरून सारखे दिसले तरी चुकीचा पंप पाणी नीट ढकलत नाही. इम्पेलर बिडाचा मिळत असेल तर मी तोच घ्यायला सांगेन. पत्र्याचा लवकर गंजतो, प्लास्टिकचा सतत तापणाऱ्या इंजिनात तडकू शकतो. होजच्या नळ्यांची जाडी, बायपासची आणि हीटरची वाट जुन्यासारखी आहे का, तेही बघून घ्या.

शेवटी शाफ्ट हाताने फिरवा. सीलमुळे थोडा घट्ट फिरला तर हरकत नाही. अडखळला, इम्पेलर बॉडीला घासला किंवा शाफ्ट हलला तर परत ठेवा. पक्कं बिल मागा. बिल द्यायला कुरकुर होत असेल तर माल डुप्लिकेट समजायला हरकत नाही.

नवा की किट

जुनी बॉडी चांगली असेल तर शाफ्ट-बेरिंग, सील आणि इम्पेलरचं किट टाकणं वाईट नाही. कधी कधी मूळ कंपनीची जुनी ओतीव बॉडी आजच्या स्वस्त पंपापेक्षा सरस असते. अट दोनच गोष्टींची: सील बसते ती जागा गंजाने खड्डे पडलेली नसावी आणि बेरिंग हायड्रॉलिक प्रेसवर बसवलं जावं. मिस्त्रीने हातोडा उचलला तर नवा पंपच घ्या.

आत कोणतं पाणी जाणार

पूर्णेच्या खोऱ्यातला अकोला, अमरावती, बुलढाण्याचा खारपाणपट्टा ज्याला ठाऊक आहे, त्याला जास्त सांगायला नको. दर्यापूर, मूर्तिजापूरकडच्या बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये घातलं की गंज आणि क्षार सीलचा तुकतुकीत चेहरा खरवडून काढतात आणि चांगला पंपही लवकर गळतो. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं मिसळून भरा. आपल्याकडे पाणी गोठत नाही म्हणून कूलंट नको, हा युक्तिवाद चुकीचा आहे. आपल्याला ते गंज रोखण्यासाठी हवं. एक सावधगिरी: बहुतेक कूलंट गोडसर आणि विषारी असतं. काढलेलं पाणी अंगणात ओतू नका, कुत्रं किंवा वासरू ते पिऊन जाईल.

बसवताना

रेडिएटर आणि ब्लॉक साध्या पाण्याने खळखळून धुवा, तोंडावरचं जुनं पॅकिंग खरवडून काढा, नवं पॅकिंग लावा, सीलंट अगदी पातळ. बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे करून कसा. जिप्सीत पंपापर्यंत जायला टायमिंग बेल्ट उतरवावा लागतो, म्हणून तोही त्याच वेळी बदलून घ्या. फॅन बेल्ट मध्यावर अंगठ्याने दाबल्यावर साधारण १० ते १२ मिलिमीटर दबला पाहिजे. तारेसारखा ताणला तर नवं बेरिंग लवकर खराब होईल. पंख्याचं पातं वाकलेलं असेल तर पंखा बदला. नाल्याच्या खोल पाण्यातून गाडी काढायची वेळ येत असेल तर बेल्ट आधी सैल करून ठेवणं बरं, कारण पाण्यात फिरणारा पंखा पुढे ओढला जाऊन रेडिएटर कापू शकतो.

झाकण उघडं ठेवून, हीटर चालू करून गाडी तापवा, हवा निघाली की पातळी भरा आणि मग झाकण लावा. एक फेरी मारून पूर्ण थंड झाल्यावर क्लॅम्प आणि बोल्ट पुन्हा तपासा. नव्या सीलमधून सुरुवातीला एखादा थेंब दिसला तर वाट बघा. तो थांबला नाही तर बिल घेऊन त्याच आठवड्यात दुकानात जा.