सर्व्हरवरचे लॉग दुसऱ्या सर्व्हरकडे कसे वळवावेत

सर्व्हर कोसळतो तेव्हा त्याचे कारण सांगणारे लॉग, म्हणजे घडामोडींच्या नोंदी, बहुतेकदा त्याच्याच डिस्कवर अडकलेले असतात, आणि घुसखोरी झाली असेल तर घुसखोराने पहिल्यांदा तेच पुसलेले असतात. म्हणून प्रत्येक सर्व्हरचे लॉग लगोलग एका मध्यवर्ती सर्व्हरकडे जावेत, अशी व्यवस्था आधीच करून ठेवणे आवश्यक आहे. या लेखात लिनक्सवरील आरसिसलॉग हा लॉग गोळा करणारा व पुढे पाठवणारा प्रोग्राम वापरला आहे. तो नसल्यास पॅकेज मॅनेजरने दोन्हीकडे इन्स्टॉल करावा. येथे सर्व नावे देवनागरीत लिहिली असली, तरी कॉन्फिगरेशन फाइलमध्ये ती रोमन लिपीतच टाइप करावी लागतात.

सुरुवात नेहमी घेणाऱ्या बाजूने करावी. मध्यवर्ती सर्व्हरवर ईटीसी डिरेक्टरीतील ‘आरसिसलॉग डॉट डी’ या फोल्डरमध्ये एक नवी फाइल तयार करून तीत ‘आयएमटीसीपी’ हे मॉड्यूल लोड करावे आणि पोर्ट 514 वर टीसीपी (आधी जोडणी करून माहिती पाठवण्याची पद्धत) इनपुट सुरू करावे. यूडीपीचा, म्हणजे जोडणीशिवाय पाठवण्याचा, मार्ग सोपा असला तरी तो टाळावा, कारण त्यात वाटेत हरवलेल्या संदेशाची खबर कोणालाच लागत नाही. इनपुटला स्वतंत्र रूलसेट (आलेल्या संदेशांचे काय करायचे याचे नियम) जोडावा, नाहीतर बाहेरून आलेले संदेश त्या सर्व्हरच्या स्वतःच्या लॉगमध्ये मिसळतात. या रूलसेटमध्ये टेम्पलेटच्या (नाव किंवा मजकूर ठरवणाऱ्या साच्याच्या) साहाय्याने प्रत्येक सर्व्हरसाठी वेगळी फाइल लिहावी. फाइलचे नाव संदेशातील होस्टनेमवरून न ठरवता पाठवणाऱ्याच्या आयपी पत्त्यावरून, म्हणजे ‘फ्रॉमहोस्ट-आयपी’ या गुणधर्मावरून ठरवणे मी अधिक सुरक्षित मानतो, कारण होस्टनेम पाठवणारा स्वतः सांगतो आणि ते खोटे असू शकते. त्यानंतर फायरवॉलमध्ये हे पोर्ट केवळ आपल्या सर्व्हरांच्या पत्त्यांसाठी खुले करावे, आणि या फाइलींसाठी लॉगरोटेटचा (जुने लॉग ठरावीक काळाने बाजूला काढणाऱ्या प्रोग्रामचा) नियमही तेव्हाच लिहावा.

आता पाठवणारा सर्व्हर. काय पाठवायचे हे फॅसिलिटी (संदेश कोणत्या प्रकारच्या स्रोताचा आहे) आणि तीव्रता यांवरून निवडता येते. सिसलॉग या लॉग-संदेशांच्या मानकामध्ये 0 ते 23 अशा 24 फॅसिलिटी आणि 0 ते 7 अशा 8 तीव्रता आहेत, आणि 0 ही सर्वांत गंभीर असते. लॉगिनचे संदेश ‘ऑथप्रिव्ह’मध्ये येतात, तर ‘लोकल0’ ते ‘लोकल7’ या आपल्या ॲप्लिकेशनसाठी मोकळ्या असतात. ऑथप्रिव्हमधील सर्व संदेश आणि बाकीच्यांतील ‘वॉर्निंग’ व त्याहून गंभीर संदेश पाठवणे ही चांगली सुरुवात आहे. जुन्या पद्धतीत पत्त्याआधी दोन @ चिन्हे लिहिली की टीसीपीने आणि एक लिहिले की यूडीपीने संदेश जातात, पण येथे ‘ओएमएफडब्ल्यूडी’ ही संदेश पुढे पाठवणारी ॲक्शन सविस्तर लिहावी, कारण खरी गरज पुढच्या भागाची आहे.

मध्यवर्ती सर्व्हर कधी ना कधी बंद असणारच, आणि त्या वेळी काय होईल हे आताच ठरवावे लागते. ‘ॲक्शन.रिझ्यूमरिट्रायकाउंट’चे मूळ मूल्य 0 असते, म्हणजे संपर्क तुटला की त्या काळातील संदेश टाकून दिले जातात. ते -1 केल्यास प्रयत्न अखंड चालू राहतात, परंतु तेवढेच करून थांबणे अधिक घातक आहे: ॲक्शनला स्वतःची रांग (पाठवायचे संदेश थांबवून ठेवण्याची जागा) नसेल तर मुख्य रांग तुंबते, स्थानिक फाइलींत लिहिणेही थांबते आणि अखेरीस लॉग लिहू पाहणारे प्रोग्रामच खोळंबतात. म्हणून त्याच ॲक्शनमध्ये ‘क्यू.टाइप’ला ‘लिंक्डलिस्ट’ हे मूल्य द्यावे आणि ‘क्यू.फाइलनेम’मध्ये एक नाव लिहावे, म्हणजे मेमरी अपुरी पडल्यावर रांग डिस्कवर उतरते. ‘क्यू.सेव्हऑनशटडाउन’ चालू ठेवावे. ‘क्यू.मॅक्सडिस्कस्पेस’ची मर्यादा मात्र हिशेबाने घालावी. दिवसाला 2 जीबी लॉग पाठवणाऱ्या सर्व्हरला तीन दिवसांचा खंड सोसायचा असेल तर किमान 6 जीबी लागतील. या फाइली ‘वर्कडिरेक्टरी’त साठतात, तेव्हा तेथे आरसिसलॉगला लिहिण्याची परवानगी आहे याची खात्री करावी.

संदेशाचा साचा म्हणून 2009 मधील आरएफसी 5424 (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या तांत्रिक पद्धती सांगणारे दस्तऐवज) चे स्वरूप निवडावे. जुन्या आरएफसी 3164 च्या वेळेत वर्ष आणि टाइमझोन दोन्ही नसतात. सर्व घड्याळे एनटीपीने, म्हणजे नेटवर्कवरून वेळ जुळवणाऱ्या प्रोटोकॉलने, जुळवलेली नसतील तर दोन सर्व्हरांवरील घटनांचा क्रम लावता येत नाही.

सेवा पुन्हा सुरू करण्यापूर्वी दोन्हीकडे ‘आरसिसलॉगडी’ ही आज्ञा ‘-एन1’ (एन कॅपिटल) पर्यायासह चालवून चुका तपासाव्यात. मग ‘लॉगर’ या आज्ञेने ऑथप्रिव्हमध्ये एक संदेश पाठवून तो पलीकडे उमटतो का पाहावे. खरी चाचणी यापुढची आहे: मध्यवर्ती सर्व्हरवरील सेवा मुद्दाम बंद करावी, क्रमांक घातलेले 100 संदेश पाठवावेत, सेवा सुरू करावी आणि पोहोचलेले क्रमांक मोजावेत. रांग योग्य असेल तर जवळजवळ सर्व येतील. तुटण्याच्या क्षणी निघालेला एखादा गहाळ होऊ शकतो, कारण साध्या टीसीपीत संदेश ऑपरेटिंग सिस्टिमच्या हवाली होताच तो गेला असे धरले जाते. एवढीही गळती चालणार नसेल तर पोच घेणारा आरईएलपी प्रोटोकॉल दोन्ही बाजूंना बसवावा, आणि लॉग अनोळखी नेटवर्कवरून जाणार असतील तर टीएलएस (संदेश कूटबद्ध करणारा प्रोटोकॉल) लावून पोर्ट 6514 वापरावे. हे बदल केल्यावर 100 संदेशांची तीच चाचणी पुन्हा करावी.