रीफर गाडी की सुका माल? नव्या ट्रक ड्रायव्हरने कसं ठरवावं

हेवी लायसन हातात आलं, की वरुड-मोर्शीकडच्या पोराला हमखास सल्ला मिळतो: "एसी गाडीवर जा, पगार जास्त आहे." एसी गाडी म्हणजे रीफर, थंडीचं यंत्र लावलेली बंद बॉडीची ट्रक; सुका माल म्हणजे ज्याला गारवा लागत नाही तो. रीफरवर बहुतेक ठिकाणी पगार जास्त असतोही. पण होकार द्यायच्या आधी पुढच्या गोष्टी या क्रमाने तपासून घ्या.

१. आधी वर्ष मांडा

कोणता माल कोणत्या महिन्यात कुठून भरतो, ते कागदावर लिहा. यवतमाळ, हिंगणघाटच्या जिनिंगमधल्या कापसाच्या गाठी दिवाळीच्या आसपास सुरू होतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर ओसरतात. सोयाबीन ऑक्टोबरात येतं. गोंदिया-भंडाऱ्याचा तांदूळ, चंद्रपूरचं सिमेंट, वणीचा कोळसा यांना वर्षभर गाडी लागते. सिमेंट पावसाळ्यात जरा थंडावतं.

रीफरचा माल म्हणजे औषधं, लस, आईस्क्रीम, दुधाचे पदार्थ. तो मुख्यतः नागपूरच्या आसपास भरतो. संत्र्याच्या भरवशावर रीफरचा विचार करू नका; आपल्याकडचा बराच संत्रा आजही तणस टाकून उघड्या गाडीतच जातो. म्हणजे रीफर धरली तर बिऱ्हाड नागपूरच्या आसपास आलंच. घरी शेती असेल आणि पेरणीला तुमची गरज पडत असेल, तर गाठींची लाइन सोयीची: तिचा मंदीचा काळ नेमका पेरणीच्या दिवसांत येतो.

२. थंडीचं यंत्र समजून घ्या

जमलं तर ओळखीच्या रीफर ड्रायव्हरसोबत एक फेरी मारा. पहिली गोष्ट पक्की करा: युनिट, म्हणजे हे यंत्र, थंड माल थंड ठेवतं, गरम माल गार करणं हे त्याचं काम नाही. म्हणून भरण्याआधी रिकामी बॉडी गार करायची, आणि माल चढवताना थर्मामीटर लावून त्याचं तापमान बघायचं. माल आधीच तापलेला असेल तर ते बिल्टीवर (मालाच्या पावतीवर) लिहून घ्या, नाहीतर तिकडे माल परत झाला की बोट तुमच्याकडेच येतं.

आईस्क्रीमला उणे १८ अंश किंवा त्याहून कमी लागतं, बहुतेक लसींना २ ते ८, नागपुरी संत्र्याला ६-७. लस गोठली तरी वाया जाते, त्यामुळे 'जास्त थंड म्हणजे जास्त सुरक्षित' हा हिशेब इथे चालत नाही. माल छतापर्यंत रचू नका; गार हवा वरून फिरते आणि तिची वाट अडली की मागचा माल तापतो. चढ-उतार करताना दार उघडं असेल तर युनिट बंद ठेवा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा चालू युनिट बाहेरची गरम हवा ओढून घेतं आणि आत कॉइलवर बर्फ धरतो.

मोठ्या गाड्यांत युनिटला बहुधा वेगळं डिझेल इंजिन असतं. ढाब्यावर गाडी उभी असली तरी ते तासाला साधारण २ ते ४ लिटर पितं. डिझेल वाचवायला रात्री युनिट बंद करणारे ड्रायव्हर आहेत. पण डेटा लॉगरमध्ये तापमान वेळेसकट उमटतं आणि माल उतरवणारा तेच आधी मागतो. थोडक्यात, त्या घरघरीशेजारी झोपायचं आणि अलार्म वाजला की उठायचं. ज्याची झोप कुंभकर्णाची आहे त्याने या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

३. सुक्या मालाची मेहनतही मोजा

ताडपत्री, दोर आणि माल भरायला-उतरवायला नंबर लागेपर्यंतची वाट. सोयाबीनला पाणी लागलं की बुरशी, सिमेंटला लागलं की दगड. गाठींजवळ विडी आणि स्टोव्ह दोन्ही बंद. ओव्हरलोडचा मोह मालकाला होतो, पण गाडी अडते तेव्हा समोर तुम्ही असता: २०१९ च्या दुरुस्तीपासून कायद्यात दंड २०,००० रुपये, वर प्रत्येक जादा टनाला २,०००. भरल्यावर काट्यावर वजन करूनच निघा.

४. दिवसाचा हिशेब काढा

महिन्याच्या पगारावर भुलू नका. पगार आणि भत्ता मिळून घराबाहेरच्या दिवसांनी भागा. उभ्या गाडीचे दिवसही त्यात धरा. परतीचं भाडं विचारा. रीफर येताना सुका माल आणू शकते, पण कांद्या-मासळीचा वास बसला तर पुढच्या फेरीआधी बॉडी धुवावी लागते. ते काम कोणाचं?

५. मालकाकडून लिहून घ्या

माल परत झाला तर नुकसान कोणाचं, वाटेत युनिट बिघडलं तर मेकॅनिक कोण पाठवणार, हॉल्टिंगचे (गाडी अडकून उभी राहिल्याचे) पैसे किती, हमाली-वाराई म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याची मजुरी कोणाकडे. तोंडी बोलणं धरू नका, निदान व्हॉट्सॲपवर तरी उत्तर घ्या.

लायसन अगदी नवं असेल तर मी एक हंगाम सुक्या मालावर काढायला सांगेन. गाडी मागे घेणं, कागदपत्रं, ई-वे बिलाची (माल नेण्याच्या ऑनलाइन कागदाची) मुदत हे सगळं तिथे अंगवळणी पडतं, आणि चूक झाली तरी सहसा आख्खी गाडीभर माल जात नाही. त्यानंतर रीफर घ्यायची झाली, तर पहिल्या फेरीला जुना ड्रायव्हर सोबत देणारा मालक शोधा. नुसतं बटण दाखवून चावी हातात देणाऱ्याला नाही म्हणा.